आधी पान, मग बोंड

कापसाला नुसतं ‘पांढरा’ म्हणणाऱ्या माणसाचा चाचांना मनापासून राग यायचा. मोताळ्याला त्यांच्या घराची माडीवरची खोली मागायला मी गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, आडनाव यातलं काहीच विचारलं नाही. त्याआधीच्या दोन घरांत आडनाव सांगून झाल्यावर खोली एकाएकी पाहुण्यांसाठी लागणार होती, त्यामुळे मी त्या प्रश्नाची तयारी करूनच गेले होते. चाचा बनियनवरच आत गेले, कापसाचे दोन पुंजके घेऊन आले आणि माझ्यासमोर धरले.

“यातला पांढरा कोणता?”

मी कृषी पदविका घेतलेली, नुकतीच कृषी सहायक म्हणून रुजू झालेली. मी डोळे बारीक करून पाहिलं. मला दोन्ही सारखेच दिसले आणि मी तसं सांगून टाकलं.

“दोन्ही नाही,” चाचा म्हणाले. “हा पिवळा हाय अन् हा निळा हाय. पांढरा कापूस मी एकतीस वर्षांत चार-पाच डाव पाह्यला असन.”

आतून चाची म्हणाली, “देऊन टाका जी खोली. पोरगी खोटं तं नाही बोलली.”

चाचा सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. बैलगाड्यांची रांग लागायची, आणि प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस हातात घेऊन, ताणून, उजेडाला धरून हा माणूस एका शब्दात निकाल द्यायचा. ‘सुपर’, ‘फेअर’, नाहीतर डागी मालाला ‘कवडी’. निवृत्त झाले तरी ती सवय सुटली नव्हती. भाकरीला ग्रेड, नळाच्या पाण्याला ग्रेड, जावयाला ग्रेड. रोज सकाळी चाची चहाचा कप पुढे ठेवायची. चाचा तो खिडकीकडे धरायचे, रंग पाहायचे, “कवडी” म्हणायचे आणि दोन कप प्यायचे. तीस वर्षं हेच चाललं होतं. सुपर त्यांनी घरात कुणालाच दिलेलं मला आठवत नाही, आणि मी तिथे होते त्या दोन वर्षांत फेअरसुद्धा फक्त एकदाच ऐकलं. ते कुणाला, ते शेवटी सांगते.

त्या काळात माझी नोकरी जाता जाता राहिली. ती कशी राहिली हे सांगायचं तर आधी चाचांचा कॅमेरा सांगावा लागेल.

हा कॅमेरा त्यांना निरोप समारंभात मिळाला होता. मुठीत मावणारा, काळा, रोल घालायचा, आणि बाकी सगळं आपलं आपण करणारा. उजेड तो मोजणार, अंतर तो मोजणार, गरज वाटली तर फ्लॅशही तोच पाडणार. सहकाऱ्यांनी प्रेमानेच दिला असणार, पण चाचांना तो अपमान वाटला. “एकतीस वर्षं मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं,” ते सांगायचे, “अन् जाताना यांनी मले काय देलं, तं सोताच पाहणारं मशीन.”

तरी त्यांनी पहिला रोल हौसेने काढला. अख्खा रोल कापसाच्या गंजीचा. खामगावच्या स्टुडिओतून फोटो आले ते पाहून त्यांना जेवण गेलं नाही. सगळा कापूस करडा. सुपर माल, आणि फोटोत कवडी. ते एसटी पकडून खामगावला भांडायला गेले. स्टुडिओवाला बिचारा शांत माणूस होता. त्याने चहा पाजून समजावलं की कॅमेऱ्याचा दोष नाही, या यंत्राचा हिशेबच असा असतो, समोर नुसतं पांढरं आलं की उजेड फार झाला असं समजून ते फोटो काळपट करतं.

त्या दिवसापासून चाचांचं आणि त्या यंत्राचं वैर सुरू झालं, आणि वैरी किती नीट ओळखायचा असतो हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. तीन वर्षं वही ठेवून त्यांनी त्या कॅमेऱ्याचा स्वभाव शोधून काढला. मला तो त्यांनी अंगणात बसवून शिकवला.

“हे मशीन हुशार नाही बेटा, भेकड हाय. याले वाटते सारी दुनिया करडी हाय. पांढरं दाखवलं तरी करडं करते, काळं दाखवलं तरी करडंच करते. मंग आपन काय करायचं? त्याले आधी असं काही दाखवायचं का जे पाहून ते घाबरत नाही.”

“म्हणजे काय?”

“पान. हिरवं पान. आधी पान, मंग बोंड.”

पद्धत अशी होती. कॅमेरा आधी कपाशीच्या पानावर धरायचा. पान आणि बोंड एकाच उन्हात हवेत, आणि कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, कारण यंत्र उजेडाबरोबर अंतरही तिथेच पक्कं करतं. बटन अर्धं दाबायचं. अर्धं म्हणजे अर्धंच, चाची कणकेत बोट रुतवून पाहते तेवढं. डोळा लावायच्या खिडकीत हिरवा दिवा लागला की श्वास रोखायचा, बोट न हलवता बोंडावर यायचं आणि मग पुरतं दाबायचं. माझं बोट पहिले कितीतरी दिवस मध्येच सुटायचं. चाचा कॅमेऱ्यात रोल न घालताच माझ्याकडून सराव करून घेत. अंगणातल्या लिंबूच्या झाडाचं पान आणि शेजारी टाचलेला कापसाचा पुंजका. पान, हिरवा दिवा, पुंजका, खट. चाची पायरीवर लसूण सोलत बसलेली असायची आणि अधूनमधून म्हणायची, “झाला आता फोटो. उतरा त्या लिंबूच्या डोक्यावरून.”

कॅमेऱ्याच्या कडीला चाचांनी सुताचा दोरा बांधला होता आणि त्याला एक गाठ. गाठ बोंडाला टेकली की अंतर बरोबर, त्याहून जवळ गेलं की फोटो धूसर. खिडकीतून दिसतं त्याच्यापेक्षा भिंग थोडं खाली असतं, म्हणून जवळच्या फोटोत वर बोटभर जागा सोडायची. रोल उन्हात न्यायचा नाही, तो ॲल्युमिनियमच्या डब्यात न्यायचा. मी हसायचे. आमच्या कार्यालयाचा कॅमेरा त्या वर्षी बंद पडला आणि चाचांनी आपणहून स्वतःचा कॅमेरा मला वापरायला काढून दिला, तेव्हा हसू जरा आवरलं.

दिला तो एका अटीवर. प्रत्येक फोटोत चिठ्ठी.

ही चिठ्ठी त्यांच्या नोकरीतली. गाडीतून नमुना काढला की तो कागदात गुंडाळायचा आणि आत चिठ्ठी घालायची. तारीख, गाव, नाव, ग्रेड. “बिनचिठ्ठीचा नमुना म्हंजे नुसता कापूस,” असं ते म्हणत. आणि गुंडाळायला कागद कोणता, तर त्या दिवशीचाच पेपर. रद्दी चालायची नाही. “कोणी चिठ्ठी बदलली तं पेपर बोलीन ना.” तर तशाच चिठ्ठ्या मी शेतात फोटो काढताना झाडाला लावायच्या. चाचा रोज सकाळी चार-पाच चिठ्ठ्या आखून, तारीख घालून माझ्या कापडी पिशवीत ठेवत. गाव, नाव आणि ग्रेडचा रकाना मोकळा.

आता मी खरं सांगते. आठवडाभर मी ते केलं. केसांच्या पिनेने चिठ्ठी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, टोचायची आणि फोटो काढायचा. एका शेतात कापूस वेचणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, “पाय वं माय, मॅडमनं पऱ्हाटीले तावीज बांधला.” दुसरी म्हणाली, “बांधू दे. बीटीच्या बियाण्यानं नाही थांबली अळी, तावीजानं थांबते का पाहू.” सगळ्याजणी हसल्या, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या पिशवीतच राहू लागल्या. तेवीस वर्षांची होते मी. लुनावरून फिरणारी, आताच कुठे लोक मॅडम म्हणायला लागलेले. मला पऱ्हाटीला तावीज बांधणारी मॅडम व्हायचं नव्हतं.

शिवाय त्या कॅमेऱ्याला एक बटन होतं. ते दाबलं की फोटोच्या कोपऱ्यात तारीख आपोआप छापली जायची, नारिंगी आकड्यांत. चाचांनी ते कायम बंद ठेवलेलं. “मशीननं टाकलेली तारीख म्हंजे दुकानदारानं सोताच्याच मालाले लावलेला ग्रेड,” असं त्यांचं मत. मी शेतात गेले की ते चालू करायची आणि घराच्या वळणावर आले की बंद. फार शहाणपणा केल्यासारखं वाटायचं. ती तारीख आधी बरोबर लावून घ्यावी लागते, आणि चाचांनी सेल बदलल्यावर ती कधीच लावलेली नव्हती, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं; फोटो आले की मी बोंडं पाहायची, कोपऱ्यातले आकडे नाही.

चाचांना हे कळणं शक्य नव्हतं, कारण माझे फोटो ते पाहत नसत. रोल खामगावला घेऊन जायचे, पाकीट घेऊन यायचे, आणि पाकीट बंदच्या बंद माझ्या हाती द्यायचे. दुसऱ्याचा नमुना उघडायचा नाही हाही नोकरीतलाच नियम. पाकिटावर स्टुडिओचा शिक्का आणि तारीख मात्र बघून घ्यायचे.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील, आणि चाचांनी एक नवीन खूळ काढलं. नवा रोल घातला की पहिला फोटो ते स्वतः काढायचे. त्या दिवशीचा पेपर लिंबूच्या झाडाशेजारी दोरीवर टाकायचा, आधी पान, मग पेपर, खट, आणि मग कॅमेरा माझ्या हातात. छत्तीसातला एक फोटो फुकट. मी विचारलं, “चाचा, हे काऊन?”

“रोल चढला का नाही ते पाहून राह्यलो.”

त्यासाठी पेपर कशाला, हे मी विचारलं नाही. त्या वर्षांत पेपरात आमच्या भागाची बातमी यायची ती बहुधा वाईटच असायची. पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवण्यासारखं त्यात काही नसायचं. म्हातारपणाची लहर म्हणून मी सोडून दिलं.

मग ती तक्रार आली. जवळच्या एका गावात सात जणांनी एकाच दुकानातून, एकाच लॉटची बीटीची पाकिटं घेतली होती. बीटीच्या बोंडात बोंडअळी नको, म्हणून तर ते महागाचं बियाणं घ्यायचं. इथे दर दोन बोंडं सोडून तिसऱ्यात अळी. बुधवारी मी गावात गेले, सातही शेतं फिरले, बोंडं फोडून अळ्या दाखवल्या, पंचनामा लिहिला, फोटो काढले. आधी पान, मग बोंड. फोटो असे सुरेख आले की अळीच्या अंगावरचे पट्टे मोजता यावेत. दोन-तीन आठवड्यांत सातही जणांनी पऱ्हाटी उपटली आणि हरभरा पेरला. पुरावा म्हणून उरले ते माझे फोटो.

आणि त्या फोटोंवर तारीख होती जानेवारी चौऱ्याण्णवची.

दुकानदाराने उलटी तक्रार केली. मॅडम शेतात आल्याच नाहीत, खोलीवर बसून पंचनामा लिहिला आणि कुठले तरी जुने फोटो जोडले. बीटी देशात यायच्या कितीतरी आधी मॅडमनी बीटीत अळी शोधली, असं त्याने लिहून दिलं. कार्यालयात ते वाचून लोक हसले. मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आणि बुलढाण्याच्या कार्यालयात सुनावणी लागली. मी अजून परिविक्षेवर होते, कायम झाले नव्हते. खोटा पंचनामा ठरला असता तर नोकरी तिथेच संपली असती, आणि त्या सात जणांची तक्रारही.

सोनाळ्याला माझे बाबा शिलाई मशीनवर बसतात. मला ऑर्डर आली तेव्हा त्यांनी दोनदा पेढे वाटले होते, पहिल्यांदा काही घरं राहून गेली म्हणून. त्यांना काय सांगायचं, याचीच वाक्यं मी दोन दिवस जुळवत होते. तिसऱ्या दिवशी चाचीने वर पाठवलेलं ताट तसंच परत आलेलं पाहिलं आणि चाचांना वर पाठवलं.

मी त्यांना नोटीस दाखवली. तारखेचं बटन मी दाबलं, एवढं कबूल केलं. चिठ्ठ्यांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. नशीब, असं मनात म्हटलं.

“निगेटिव्ह कुठी हाय?”

“पाकिटात. ट्रंकेत.”

“उघडू का?” त्यांनी विचारलं. माझं पाकीट त्यांनी उघडलेलं ते पहिल्यांदाच. पट्ट्या एकेक करून खिडकीला धरल्या, पुन्हा आत घातल्या आणि म्हणाले, “सुनावणीले मी येतो.”

“चाचा, तिथे बाहेरच्याला बसू देत नाहीत.”

“मी बाहेरच बसन.”

बुलढाण्याला जाताना राजूर घाट चढेपर्यंत मी नोटीस चारदा वाचली. चाचांच्या मांडीवर तो ॲल्युमिनियमचा डबा होता, त्यात पाकीट. वाटेत एवढंच बोलले. “घाबरू नको. घाबरलं का सारं करडं दिसते.”

सुनावणी घेणारे साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, “तारीख यंत्राची चूक आहे, हे मला समजतं. पण मग खरी तारीख कोणती, ते तुम्ही कशावरून सांगणार?” मी म्हटलं, “साहेब, कॅमेऱ्याचे मालक बाहेर बसलेत.”

चाचा आत आले. टोपी नीट केली, डबा टेबलावर ठेवला, त्यातून पहिली पट्टी काढून साहेबांच्या हातात दिली. “उजेडाले धरा साहेब. यात पांढरं काळं दिसते, तेवढं सांभाळून घ्या. पह्यला फोटो पाहा.”

साहेबांनी शिपायाकडून भिंग मागवलं. पट्टीवर ओळीने सहा चौकटी. पहिलीत लिंबूची फांदी आणि दोरीवरचा पेपर. दुसरीपासून बोंडं. पेपरचा मथळा वाचता येत होता, तारीखही. मी त्या गावात गेले त्या आठवड्यातला मंगळवार.

“फोटो कोणी कातरीनं येगळे करू शकते,” चाचा म्हणाले, “पट्टी एकच असते. मंगळवारचा पेपर पह्यला हाय, म्हंजे बाकीचे मंगळवारच्या नंतरचे. अन् पाकिटावर स्टुडिओचा शिक्का हाय गुरुवारचा. म्हंजे गुरुवारच्या आधीचे. मधात एकच वार येते साहेब.”

दुकानदाराबरोबर आलेल्या त्याच्या वकिलाने पट्टी मागून घेतली, बराच वेळ उजेडाला धरली आणि परत दिली. साहेबांनी त्या आठवड्याच्या पेपरची फाइल मागवून मथळा ताडून पाहिला. मग माझा पंचनामा उघडला, वरची तारीख वाचली आणि मोठ्याने म्हणाले, “बुधवार.”

नोटीस मिटली, दप्तरी दाखल झाली. सात जणांची तक्रार ग्राह्य धरली. मी बाहेर व्हरांड्यात आले आणि पायरीवर बसले. एवढी भूक मला जन्मात कधी लागली नव्हती. स्टँडवर मी दोन प्लेट कचोरी खाल्ली, चाचांनी तिच्याकडे पाहून “कवडी” म्हटलं आणि स्वतःही एक प्लेट खाल्ली. उतरताना तोच घाट होता आणि मी त्यात गाढ झोपले.

घरी आल्यावर चाचीने चहा टाकला. आम्ही तिघं बसलो होतो, मी सुटले होते, आणि सुटलेल्या माणसाला खोटं फार वेळ धरून ठेवता येत नाही. मी म्हणाले, “चाचा, एक सांगायचं राहिलं. मी चिठ्ठ्या लावतच नव्हते. लावल्या असत्या तर नोटीसच आली नसती.”

चाचा उठले, आत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण काढलं. आत माझ्या चिठ्ठ्या. सगळ्याच्या सगळ्या, तारखेवार लावलेल्या. काही धुतल्यासारख्या फिकट, पण इस्त्री करून सपाट केलेल्या. मी चाचीकडे पाहिलं. माझी कापडी पिशवी ती दर रविवारी धुवायची.

“पह्यल्या रविवारीच सापडल्या,” चाची म्हणाली. “मी म्हटलं पोरीले बोला. हे म्हणे, नाही बोलत.”

“बोलून काय होते?” चाचा म्हणाले. “तिनं माह्यासमोर हो म्हटलं असतं अन् शेतात पिशवीतच ठेवल्या असत्या. म्हणून मंग पह्यला फोटो मी काढत जाय.”

मला रडू फुटलं. इतके दिवस मी त्यांना फसवत होते आणि ते हे जाणून, एक शब्द न बोलता, दर रोलमागे माझी एक बाजू सांभाळत होते. हसतही होते मी रडता रडता, कारण सगळ्यात खालच्या चिठ्ठीवर साबणाचा फेस वाळलेला होता.

चाचांनी डब्यातून त्या बुधवारची चिठ्ठी शोधून काढली. तारीख त्यांनीच घातलेली. गावाच्या जागी त्या गावाचं नाव लिहिलं, नावाच्या जागी माझं. मग पट्टी पुन्हा एकदा खिडकीला धरली, बोंडांच्या पाचही चौकटी सावकाश पाहिल्या आणि ग्रेडच्या रकान्यात लिहिलं, फेअर.

चाचीने मान लांब करून ते वाचलं.

“तीस वर्सं झाले निकाहाले,” ती म्हणाली. “माह्या चहाले अजून कवडीच हाय.”

चाचांनी रिकामा कप पुढे केला. “अर्धा अजून दे,” ते म्हणाले.